पावसाळ्यात शाई फुटते? निबेला हात लावण्याआधी कागद तपासा

मिरगाचा पाऊस लागला की गोव्यातल्या शाईपेनवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते. मे महिन्यापर्यंत ज्या वहीवर रेघ स्वच्छ उमटत होती, त्याच वहीवर, त्याच पेनानं आणि त्याच शाईनं लिहिताना अक्षराच्या कडेला बारीक तंतू फुटू लागतात. 'क'चं पोट भरून जातं, अनुस्वाराचं टिंब दुप्पट होतं, शाई पानाच्या पाठीमागे उतरते. चवथीच्या सुमारास हे अगदी टोकाला जातं आणि दिवाळीनंतर आपोआप थांबतं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा सुरू.

आपोआप थांबतं म्हणूनच खरं कारण शोधलं जात नाही. दरम्यान शाई बदलली जाते, जास्त बारीक निबेचं पेन मागवलं जातं, कोणी चिमट्यानं निबेची टोकं जवळ दाबतं आणि चांगली निब कायमची घालवतं. मला कळकळीनं सांगायचंय ते एवढंच: पावसाबरोबर येणारा आणि पावसाबरोबर जाणारा हा त्रास बहुतेक वेळा कागदाचा असतो. निबेचं पोलाद किंवा सोनं जूनमध्ये बदलत नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीतली शाईही बदलत नाही. घरातल्या हवेतला ओलावा रोज पितो तो कागद.

एका रात्रीची चाचणी

त्रास देणाऱ्या वहीचं एक पान काढा आणि मधोमध फाडा. एक तुकडा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या, ताज्या पुड्यांसोबत रात्रभर ठेवा, दुसरा टेबलावर उघडा राहू द्या. सकाळी दोन्ही शेजारी ठेवून त्याच पेनानं एकच वाक्य लिहा. वाक्यात क्ष, ण, श्र, द्ध अशी बंद पोटाची आणि दाटीची अक्षरं हवीत, कारण फुटलेली शाई तिथंच आधी दिसते. डब्यातून काढलेल्या तुकड्यावर मात्र लगेच लिहायचं. सुटा कागद हवेतला ओलावा फार भराभर घेतो, चहा घेऊन येईपर्यंत चाचणी बिघडू शकते.

घाई असेल तर वाफ बंद करून, इस्त्री अगदी मंद ठेवून, कागद दोन सुती कापडांमध्ये धरून एकदा फिरवा. निदानापुरतं हे चालतं. लिहिण्यापूर्वी रोज वहीला इस्त्री करावी असं मी सुचवणार नाही.

आता निकाल. कोरड्या तुकड्यावर रेघ स्वच्छ आणि उघड्या तुकड्यावर फुटलेली असेल तर प्रश्न संपला, कागद ओला आहे. दोन्हींवर सारखीच फुटत असेल तर एक तर कागदाची खळ, म्हणजे शाईला थोपवणारा लेप, गेली आहे, नाही तर शाई किंवा पेन जास्त ओलं आहे. त्याकडे पुढे येतो. दोन्हींवर स्वच्छ उमटली आणि तरीही वहीत लिहिताना फुटते, तर हाताकडे बघा.

हाताचं कारण आपल्याकडे कमी लेखलं जातं. दमट हवेत तळहाताचा घाम वाळत नाही. तो आणि त्वचेचं तेल, दोन्ही कागदावर बसतात. लिहिता लिहिता हात खाली सरकतो, म्हणून वरच्या चार ओळी सुबक आणि पानाच्या तळाशी कुठे शाई फुटलेली, कुठे रेघ तुटलेली, असं चित्र दिसतं. तेल असेल तिथे शाई कागदाला धरत नाही, घाम असेल तिथे पसरते. उपाय जुना आणि स्वस्त आहे: हाताखाली टीपकागद. तो मिळाला नाही तर कोऱ्या कागदाची दुमडलेली घडी. दिवसाआड बदलायची, कारण ती स्वतः ओली झाली की उपयोग संपला.

पानावर शाई नेमकी कुठे फुटते याची सवयीनं नोंद घ्या. बंद वहीत ओलावा कडांकडून आत शिरतो. त्यामुळे समासाजवळ जास्त आणि शिवणीकडे कमी फुटत असेल तर ओलाव्याची शंका पक्की होते. बेटाबेटांनी, म्हणजे रुपयाएवढ्या ठिपक्यात फुटते आणि आजूबाजूला ठीक असते, तेव्हा तिथे बुरशी असण्याची शक्यता धरा, डोळ्यांना अजून काही दिसत नसलं तरीही.

कागदात काय घडतं

कागद म्हणजे झाडाच्या तंतूंचं विणकाम, आणि हे तंतू पाण्याचे ओढाळ. साधारण ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेला कागदात वजनाच्या सहा-सात टक्के पाणी असतं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा ८५-९० टक्क्यांवर जाते, तेव्हा कागदातलं पाणी दहा टक्क्यांच्या पुढे सरकतं. तंतू फुगतात, त्यांच्यामधल्या वाटा मोकळ्या होतात आणि शाई त्या वाटांनी धावते.

एरवी तिला थोपवून धरते ती खळ. गिरणीत लगद्यातच अल्किल कीटीन डायमरसारखं पाणी झिडकारणारं रसायन घालतात आणि वरून बऱ्याचदा स्टार्चचा थर देतात. ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्नरी आणि दौलताबादी कागदालाही खळ लावून, गुळगुळीत दगडानं घोटूनच तो बोरूनं लिहिण्याजोगा करत असत. स्टार्च ओलाव्यानं मऊ पडतो. शिवाय बुरशीला तो आवडतो. कागद नुसता ओला झाला असेल तर वाळवल्यावर सुधारतो. खळ बुरशीनं खाल्ली किंवा जुनी होऊन उतरली असेल तर कितीही वाळवा, सुधारत नाही. वरच्या चाचणीचा खरा हेतू हा फरक ओळखणं आहे.

जाडीवर फार विसंबू नका. ७० किंवा ८० जीएसएम हे फक्त वजन आहे, दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, ते खळीबद्दल काहीच सांगत नाही. जपानी तोमोए रिव्हर कागद ५२ जीएसएमचा, हातात घेतला तर फडफडणारा, तरी शाई झकास पेलतो. उलट जाडजूड हातकागदावर, खळ कमी असेल तर, जानेवारीतही शाई फुटते.

साठवण: इथेच निम्मी लढाई आहे

सिलिका जेलच्या चार पुड्या कपाटात टाकून वह्या वाळतील ही अपेक्षा चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे आकड्यांनी सांगतो. ७५ जीएसएमच्या ए-४ कागदाच्या ५०० पानांच्या रिमचं वजन साधारण २.३ किलो भरतं. पावसाळ्यानं त्यात चार टक्के जास्तीचं पाणी घातलं तर ते नव्वद ग्रॅमच्या पुढे जातं. आपल्याला हव्या त्या कोरडेपणात सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढंच पाणी धरून ठेवतं. म्हणजे एका ओल्या रिमला चारशे ग्रॅमच्या आसपास जेल लागेल, तेही डबा खरोखर हवाबंद असेल तर. बुटांच्या खोक्यात येणारी पुडी एक-दोन ग्रॅमची असते.

म्हणून कागद कोरडा असतानाच डब्यात गेला पाहिजे. पावसाळ्यासाठीच्या वह्या मी डिसेंबर-जानेवारीत घेऊन ठेवतो आणि मे संपायच्या आत त्या रबरी कडेच्या झाकणाच्या डब्यात जातात. त्या वेळी त्यांच्यात मुळात पाणी कमी असतं. जेलला फक्त झाकण उघडताना आत शिरणारा ओलावा टिपायचा असतो. दहा लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅम जेल मला पुरतं. रिमचं वेष्टण ओलावा अडवण्यासाठीच बनवलेलं असतं, ते फाडून फेकू नका. लागतील तेवढीच पानं काढून तोंड चिकटपट्टीनं बंद करा.

जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओलं झालं की ते हिरवट पडतं, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. जुन्या निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं. ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ आणू नका. तांदूळ भरलेली पुरचुंडी हा उपाय बरेच जण सांगतात. जेलच्या तुलनेत तो फार दुबळा आहे आणि तांदळाला कीड लागली तर कागदालाही त्रास. डांबरगोळ्या तर पेनांच्या आसपास नकोतच. त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिकं मऊ पडतात.

जून अर्धा उलटला आहे आणि वह्या आधीच भिजल्यासारख्या झाल्या आहेत, तर? एसी असलेल्या खोलीत 'ड्राय'वर ठेवून वह्या पंख्यासारख्या उघडून उभ्या करा, काही तास तशाच राहू द्या आणि तिथल्या तिथे डब्यात बंद करा. बाहेरच्या खोलीत आणून मग बंद केल्या तर मेहनत वाया.

एसी नसलेल्या घरांत कपाटात बल्ब लावून ठेवायची आपली जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे, फक्त बल्ब तारेचा हवा. हल्ली 'झिरो बल्ब' म्हणून मिळतो तो एलईडी असतो. त्यानं उजेड पडतो पण ऊब मिळत नाही, आणि इथे काम उबेचं आहे. २८ अंशांच्या, ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेला ३३ अंशांपर्यंत ऊब दिली तर तिची सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास येते. पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता एवढा फरक पडतो. १५ वॅटचा बल्ब लहान कपाटाला पुरेसा आहे. तो कपडे आणि कागदांपासून हातभर लांब, जाळीच्या आत बसवा आणि घरात कोणी नसताना बंद ठेवा.

कपाट कुठे आहे यालाही महत्त्व आहे. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसाळाभर ओल धरून असते. तिला टेकलेल्या कपाटाच्या मागच्या फळीवर आधी बुरशी येते. चार बोटं जागा सोडा. खालचा कप्पा वह्यांना देऊ नका.

एक लहानसा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारं यंत्र, डब्यात टाका. तो खरं बोलतो का हे घरी तपासता येतं: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाण्यानं ओल्या वाळूसारखं करा, हायग्रोमीटरसोबत घट्ट पिशवीत बंद करा आणि रात्रभर ठेवा. मिठाच्या अशा संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा ८१ दाखवत असेल तर तुमचं यंत्र सहा जास्त सांगतं, तेवढे वजा करत चला. डब्यातलं वाचन ४५ ते ५५ मध्ये असावं.

शाई भरलेलं पेन मात्र या कोरड्या डब्यात ठेवू नका. जेल त्याच्या टोपणातूनही ओलावा ओढतं आणि दोन दिवसांनी निब कोरडी ठणठणीत मिळते.

कागद सुटला, तर शाई

कोरड्या तुकड्यावरही फुटत असेल तर तीच शाई दुसऱ्या पेनात भरून आणि तेच पेन दुसऱ्या शाईनं भरून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

शाईत पाणी आणि रंगाखेरीज पृष्ठताण कमी करणारे घटक असतात. ते जितके जास्त, तितकी शाई निबेतून सहज वाहते आणि तितकीच कागदात सहज शिरते. गर्द, चमकदार, 'ओल्या' म्हणून नावाजलेल्या शाया आपल्या पावसाळ्यात म्हणूनच हाल करतात. जून ते सप्टेंबर मी कोरड्या स्वभावाच्या शाया वापरतो. पेलिकन ४००१ मालिका त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याहून भरवशाच्या लोह-माजूफळाच्या शाया: पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक, प्लॅटिनम ब्लू-ब्लॅक, रोरर अँड क्लिंगनरची सालिक्स. कागदावर त्या नेटक्या बसतात, हवेनं काळवंडतात आणि वाळल्यावर पाण्याला दाद देत नाहीत. पावसात भिजणाऱ्या पाकिटावर पत्ता लिहायला यांच्यासारखी शाई नाही. युरोपात कित्येक शतकं दप्तरं लिहिली गेली ती याच जातीच्या शाईनं. जुन्या कागदांना भोकं पडलेली दिसतात तीही तिच्यातल्या आम्लामुळे आणि लोहामुळे. पेनासाठी बनवलेल्या आजच्या शाया पुष्कळ सौम्य आहेत. तरी पेनात त्या वाळू देऊ नयेत आणि तीन-चार आठवड्यांनी पेन धुवावं.

शाई दाट करण्यासाठी त्यात गोंद घालण्याचा सल्ला टाक बुडवून लिहिणाऱ्यांसाठी आहे. फाउंटन पेनाच्या जिभेत, म्हणजे निबेखाली शाई पोचवणाऱ्या भागात, गोंद बसला की ती साफ करणं फार जिकिरीचं.

शाईची बाटली उघडताना वास घ्या, ही सवय पावसाळ्यात मोलाची आहे. कुबट वास, पृष्ठभागावर साय, तळाशी किंवा काठाला जाळ्यासारखे धागे यातलं काहीही दिसलं तर ती शाई टाकून द्या. गाळून वापरण्यात अर्थ नाही, बीजाणू गाळणीतून जातात. त्या शाईचं पेन उकलून साध्या पाण्यानं, मग भांडी धुण्याच्या साबणाच्या एका थेंबानं आणि पुन्हा पाण्यानं धुवा. स्वस्तातला कन्व्हर्टर, म्हणजे पेनात शाई ओढून घेणारी नळी, असेल तर बदलूनच टाका. असं होऊ नये म्हणून बाटलीत पेन बुडवण्याऐवजी सिरिंजनं थोडी शाई वेगळ्या कुपीत काढून तिथून भरा, आणि पेनातली उरलेली शाई परत बाटलीत कधीही ओतू नका.

पेन सगळ्यात शेवटी

कागद आणि शाई दोन्ही निर्दोष ठरल्यावरच पेनाकडे वळा. रेघ नेहमीपेक्षा जाड येत असेल, निबेच्या टोकांमध्ये भिंगातून उघडी फट दिसत असेल, तर निब फाकली आहे आणि ती जाणत्या माणसाकडे द्यावी.

एका प्रकाराला मात्र लोक 'शाई फुटली' म्हणतात आणि तो वेगळाच असतो: अचानक पडणारा टपोरा थेंब. आपल्याकडची बरीच देशी एबोनाइट पेनं थेट पोटात शाई भरायची. शाई कमी होते तशी आत हवा वाढते. पणजीतल्या एसी कचेरीतून बाहेर आलात, पेन खिशात, शरीराची ऊब लागली, की ती हवा प्रसरण पावते आणि शाई पुढे ढकलते. कागदाला दोष देऊ नका. शाई एक-तृतीयांशावर आली की पुन्हा भरा, निब वर करून खिशात ठेवा, आणि बाहेर आल्यावर लिहिण्याआधी टोपण काढून, निब वरच ठेवून, मिनिटभर थांबा.

एबोनाइटबद्दल आणखी एक. तो गंधक घालून कडक केलेला रबर आहे. उजेड आणि ओलावा एकत्र मिळाले की काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो. खिडकीतल्या पेनस्टँडमध्ये नको, अंधाऱ्या खणात ठेवा. धुतल्यावर लगेच पुसा, रात्रभर पाण्यात भिजवू नका.

ज्या वह्या सुधारत नाहीत

वाळवूनही, कोरड्या शाईनंही फुटतेच अशी वही निघाली तर तिची खळ गेली आहे. काळे किंवा हिरवट ठिपके दिसत असतील तर ती इतर वह्यांपासून आजच वेगळी करा, मऊ ब्रशनं बुरशी झाडायची तर घराबाहेर, नाकाला कापड बांधून. ठिपके नसतील तर वही टाकून देऊ नका. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट असते, ती खळ नसलेल्या कागदावरही जागची हलत नाही. पेन्सिलला तर कागदाचा थोडा खरखरीतपणा हवाच असतो. माझ्या अशा वह्या वाणसामानाच्या याद्यांना आणि मुलांच्या चित्रांना जातात, आणि त्यांच्या पुठ्ठ्यावर खरेदीचा महिना लिहून ठेवतो, म्हणजे कोणत्या बनावटीची वही किती पावसाळे टिकते हे पुढच्या खरेदीला कळतं.